इमला

उर्दूत ‘इमला’ म्हणजे शब्द लिहिण्याची बरोबर रीत, शुद्धलेखन. शिक्षक मोठ्याने वाचतात आणि मुले ऐकून लिहितात, त्यालाही आमच्याकडे इमलाच म्हणतात. मराठीत इमला म्हणजे इमारत. लहानपणी सोलापुरात एका जुन्या वाड्यासमोरून जाताना कुणीतरी म्हणाले, ‘केवढा मोठा इमला!’ मला वाटले, आत बसून मुले ऐकून लिहीत असतील. अब्बा कितीतरी वेळ हसले होते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकले आणि आता तिथेच शिकवते. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी, कुराण अरबीत आणि फॉर्म इंग्रजीत. आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य असेच चार-पाच लिप्यांत विभागलेले असते. त्यातून माझ्या वाट्याला आले ते दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचे काम. बी.एड.ला असताना आम्हाला लाल शाईचा पेन बाळगायची सक्ती होती. तो पेन हातात आला की माणसाला आपण फार मोठे झाल्यासारखे वाटते. मलाही वाटायचे.

आज व्हॉट्सॲपवर आपली मुले जे लिहितात ते पाहून ‘भाषा बुडाली’ अशी ओरड सगळीकडे ऐकू येते. उर्दूवाले ओरडतात, मराठीवालेही ओरडतात. मीही बरीच वर्षे त्यात सूर मिसळत होते. पण हे सगळे सुरू कसे झाले ते मला चांगले आठवते, कारण सुरू करणाऱ्यांत मीही होते.

मी कॉलेजात होते तेव्हा हातात बटणांचा फोन आला. इंग्रजी ‘एस’ उमटवायला सातचे बटण चार वेळा दाबावे लागायचे. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरे मावायची १६०. उर्दू किंवा देवनागरीत लिहिले तर फक्त ७०. म्हणजे आपल्या लिपीत लिहिणाऱ्याला एका मेसेजऐवजी दोन-तीन मेसेजांचे पैसे जायचे. शिवाय बहुतेक फोनवर ती अक्षरे चौकोन होऊन दिसायची. वीस-तीस रुपयांचा रिचार्ज महिनाभर पुरवणाऱ्या मुलींनी काय करायचे? आम्ही उर्दू इंग्रजी अक्षरांत लिहू लागलो आणि तीसुद्धा तोडून तोडून. ‘तुम’चा एक ‘टी’ उरला, ‘के’ या अक्षराने ‘के’, ‘की’, ‘को’ असे तिघांचे काम केले. वाचणारीला कळायचे, कारण तीही तसेच लिहायची.

रोमन अक्षरांतली उर्दू काही मोबाईलने जन्माला घातलेली नाही. इंग्रजांच्या काळात फौजेत ती शिकवली जायची आणि मिशनऱ्यांनी बायबलही रोमन उर्दूत छापले होते. पण ती लष्कराची आणि मिशनची सोय होती, घराघरात ती शिरली मोबाईलमुळे. आणि ती शिरली तेव्हा उर्दूचे घर यंत्राच्या दृष्टीने अजून पुरते बांधून झालेले नव्हते. नस्तालीक लिपीत अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलते, ओळ तिरकी उतरते. तिला छापायला कातिबच लागायचा. १९८१ साली नूरी नस्तालीक आली तेव्हा कुठे यंत्रावर देखणी उर्दू उमटू लागली. मग १९९४ साली दिल्लीहून इनपेज आले. आमच्या प्रश्नपत्रिका अनेक वर्षे त्याच्यावरच झाल्या. पण इनपेजमधला मजकूर उचलून थेट मेसेजमध्ये टाकता येत नसे. त्याचा फोटो करून पाठवावा लागे. उर्दू फोनवर होती, पण चित्र बनून. लिहायची भाषा म्हणून ती फोनवर सहज वावरू लागली तोपर्यंत मुलांच्या बोटांना रोमनची सवय लागून गेली होती.

आता नव्या शब्दांचे म्हणाल तर त्यांची मला तक्रार नाही, उलट गंमत वाटते. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘मिस, मैं मेसेज डाली, तुमे सीन करको छोड दिये.’ अम्मी शेजारी बसली होती. तिला ‘सीन’ हे एकच माहीत, उर्दू वर्णमालेतले, शीनच्या आधी येणारे. ती म्हणाली, ‘सीन करे तो शीन बी करना ना!’ इंग्रजीतला ‘सीन’ म्हणजे पाहिलेले हे तिला समजावले, तर म्हणाली, ‘देखे, बोलना. उसमें क्या मुश्किल है?’ डीपी, स्टेटस, फॉरवर्ड, ग्रुप, ब्लॉक हे शब्द आता आमच्या मोहल्ल्यात इतके रुळले आहेत, की सासू-सुनेच्या भांडणातही ‘मेरे कू ब्लॉक करी’ हा रीतसर आरोप असतो.

दीनी शब्दांच्या बाबतीत मात्र लोक हळवे असतात. सलाम तर आता तीन इंग्रजी अक्षरांवर आला आहे. कुणी ‘एसएलएम’ लिहितो, कुणी ‘ए ओ ए’. ‘जजाकल्लाह’चे ‘जेएके’ झाले. त्यावर दर रमजानमध्ये ठरलेले मेसेज फिरतात. सलाम तोडून लिहू नका, ‘लाम’ गळला तर ‘साम’ होईल आणि साम म्हणजे मृत्यू. हे खरे आहे, अरबीत अर्थ तोच होतो. दुसरा मेसेज असतो ‘इन्शाअल्लाह’बद्दल. अरबीत ते तीन शब्द आहेत, इन, शा आणि अल्लाह, म्हणजे ‘अल्लाहने इच्छिले तर’. पहिले दोन जोडले तर ‘इन्शा’ होते आणि त्याचा अर्थ निर्मिती. अरबीच्या दृष्टीने हीही दुरुस्ती बरोबर आहे. पण उर्दूत पिढ्यान्‌पिढ्या लोक ते जोडून लिहीत आले. आपल्या आजोबांच्या पत्रांत ते तसेच सापडेल आणि त्यांच्या ईमानाला त्याने काही झाले नाही. आणि रोमन अक्षरांत जोडले काय आणि तोडले काय, तिथे अरबीचा नियम लागतच नाही. तोच प्रकार ‘रमजान’ आणि ‘रमदान’चा. त्या शब्दातले अक्षर ज्वाद. अरब ते ‘द’च्या जवळ उच्चारतात, इराणी आणि आपण ‘ज’. आमच्या दादी-नानींनी आयुष्यभर रमजानचे रोजे ठेवले. तो त्यांचा चुकीचा उच्चार नव्हता, त्यांच्या भाषेचा उच्चार होता.

शिक्षिका म्हणून माझे खरे दुखणे वेगळे होते. उर्दूत ‘ज’च्या एका आवाजाला जे, जाल, ज्वाद, जोए अशी चार अक्षरे आहेत. ‘स’ला से, सीन, स्वाद. ‘त’ला ते आणि तोए. ‘ह’ची दोन रूपे. अलिफ आणि ऐन आपल्या तोंडी सारखेच. बोलताना फरक राहत नाही, तो फक्त लिहिण्यात शिल्लक आहे. ‘नजर’ जोएने लिहिली तर दृष्टी आणि जालने लिहिली तर नजराणा, नवस. ‘कसरत’ सीनने लिहिली तर व्यायाम, सेने लिहिली तर विपुलता. ‘आम’ अलिफने आंबा आणि ऐनने सर्वसामान्य. रोमनमध्ये हे सगळे भेद एका फटक्यात पुसले जातात. आठवीतली मुलगी ‘जरूर’ जेने लिहिते, कारण तिने तो शब्द पुस्तकात दहा वेळा पाहिला असेल आणि फोनवर हजार वेळा. म्हणून मी चिडायचे.

मग एकदा मराठी शिकवणाऱ्या माझ्या सहकारी बाईंनी सहज विचारले, ‘तुमचा ‘अर्ज’ कोणत्या अक्षराने?’ मी म्हणाले, ‘ऐन, रे आणि ज्वाद.’ त्या म्हणाल्या, ‘आम्ही तो तीनशे वर्षे नुसत्या ‘अ’ने आणि ‘ज’ने करतोय, सरकारदरबारी मंजूरही होतोय.’ मी हसले, पण रात्री विचार करत राहिले. मराठीने आपल्याकडून किती शब्द घेतले आणि सगळे कानाने घेतले. ‘नफा’च्या शेवटी ऐन होता, तो गेला. ‘साहेब’मधला स्वाद गेला. ‘सिफारिश’मध्ये सीन आधी आणि शीन नंतर. मराठीने त्यांची अदलाबदल करून ‘शिफारस’ केली आणि वर ऱ्हस्वदीर्घाचे नियमही लावले. ‘कायदा’ आमच्या घरी मुलाचे पहिले पुस्तक, मराठीत तो थेट न्यायालयात जाऊन बसला. या शब्दांना आज कुणी अशुद्ध म्हणत नाही. एवढेच कशाला, जुन्या दखनी पोथ्यांतही अरबी शब्द कितीतरी ठिकाणी बोलल्याप्रमाणे लिहिलेले सापडतात. आपल्या दखनी पूर्वजांनीही ऐन सोडून ‘नफा’च लिहिला होता. मग चूक कोणती आणि वळण कोणते?

उलट बाजूनेही मला अनुभव आला. एका प्रशिक्षणाच्या ग्रुपवर मी मराठीत लिहिले, ‘उद्या सर्वांनी पिण्याचे पानी सोबत आनावे.’ आमच्या दखनीत ‘ण’ नाही. बोलताना मी सांभाळून घेते, लिहिताना हात सुटला. लगेच एका गुरुजींनी हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला. मग दुसऱ्यांनी, मग तिसऱ्यांनी. कुणी वाईट बोलले नाही. एकाने फक्त लिहिले, ‘उर्दू विभाग का?’ मराठी लेखनाचे चौदा नियम १९६२ सालचे आणि पुढचे चार १९७२ सालचे, हे मला पाठ होते. बी.एड.च्या वेळी मी त्यांवर टाचणही केले होते. पण त्या एका ‘न’ने मला बाहेरची ठरवले. त्यानंतर कित्येक महिने मी त्या ग्रुपवर अंगठ्याशिवाय काही टाकले नाही.

तेव्हा मला अम्मीची चिठ्ठी आठवायला हवी होती. आठवली नाही. ती आठवायला आणखी एक प्रसंग घडावा लागला.

२००९ साली मी बी.एड.साठी सोलापूरबाहेर होते. तेव्हा तो अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. महिन्यातून एकदा एस.टी.ने डबा यायचा. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि तळाशी घडी केलेली एक चिठ्ठी. अम्मी चौथीपर्यंत शिकलेली. बिड्या वळताना सुपाशेजारी उर्दूचे जुने वर्तमानपत्र पडलेले असे, ते ती अक्षर जोडत वाचायची. फोनवर बोलताना तिला पैशांची धास्ती वाटायची, म्हणून मनातले सगळे चिठ्ठीत. तिची अक्षरे मोठी, नुक्ते मनाला येईल तिथे, शब्द जसे तोंडात तसे कागदावर.

दखनी माणसाच्या तोंडी ‘काफ’ टिकत नाही, त्याचा ‘खे’ होतो. कलम आमच्याकडे ‘खलम’ आणि किस्मत ‘खिस्मत’. ज्याचे शीन-काफ दुरुस्त तो शिकलेला, असे उर्दूत म्हणतात. त्या हिशोबाने आमचा अख्खा मोहल्ला नापास. त्या महिन्यात नाना वारल्याला वर्ष झाले होते. अम्मीने लिहिले होते, ‘कल तेरे नाना की खबर पो गई थी. गुलाब डाली. तेरे लिये बी दुआ मांगी.’

कबरीच्या जागी खबर. मी तेव्हा नुकतीच लेखनातल्या चुकांचे वर्गीकरण शिकत होते. मला हसू आले. मैत्रिणींना दाखवले, त्याही हसल्या. मग मी लाल पेनने ‘खे’वर काट मारली, वर सुंदर ‘काफ’ काढला, दोन नुक्ते दिले आणि बाकीच्या सात-आठ चुकाही सुधारल्या. रिकाम्या डब्यातून ती चिठ्ठी परत पाठवली. वाटले, अम्मीला कौतुक वाटेल, आपली मुलगी मास्तरीण झाली.

पुढच्या महिन्यात डबा आला. चटणी होती, भाकरी होती, चिठ्ठी नव्हती. त्यानंतर कधीच आली नाही. मी विचारले तेव्हा अम्मी म्हणाली, ‘हात दुखता बेटा, बिड्यां बहुत रहते.’ मी ते खरे मानले.

आता दुसरा प्रसंग. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही फोनवर शिकवू लागलो. माझ्या आठवीच्या वर्गात त्रेचाळीस मुली. त्यांतल्या निम्म्यांच्याच घरी तसला फोन आणि तोही बापाचा किंवा भावाचा. मुली सुरुवातीला सगळे रोमनमध्ये लिहायच्या. मी नियम केला : आपल्या ग्रुपवर उर्दू फक्त उर्दू अक्षरांत. कीबोर्ड कसा घालायचा ते एकेकीला फोन करून शिकवले. रोमनमध्ये उत्तर आले तर मी ते तपासत नसे. रोज रात्री सगळ्या उत्तरांतल्या चुका ग्रुपवर टाकत असे, नावासकट. शिस्त लागावी म्हणून. काही मुली हळूहळू गप्प झाल्या. मला वाटले, त्यांच्याकडे रिचार्ज नसेल.

एक मुलगी मात्र नेमाने लिहायची. तिचे वडील यंत्रमागावर होते. माग बंद पडले तेव्हापासून ते काम शोधत होते, कुठेतरी रखवालदाराच्या जागेसाठी अर्ज केल्याचे तिनेच सांगितले होते. एप्रिल २०२१, दुसरी लाट जोरात, रमजानचा महिना. रात्री तरावीहनंतर मी फोन उघडला तर दीडशेच्या वर मेसेज पडलेले. भराभर खाली जाताना तिची ओळ दिसली. उर्दू अक्षरांत, स्वच्छ : ‘मिस, अब्बा का इंतखाब हो गया. दुआ करना.’

इंतखाब म्हणजे निवड. मला आनंद झाला, अखेर कामाला लागले बिचारे. आणि ‘इंतखाब’सारखा अवघड शब्द तिने अचूक लिहिला होता. मी उत्तर दिले, ‘माशाअल्लाह, बहुत मुबारक! और इमला बिल्कुल दुरुस्त है, शाबाश.’ खाली दोन निळ्या खुणा उमटल्या. तिने वाचले होते. उत्तर आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहकारी बाईंनी फोनवर सांगितले. मुलीच्या वडिलांना तीन दिवस ऑक्सिजन लावला होता. आदल्या संध्याकाळी ते गेले. तिला लिहायचे होते ‘इंतकाल’. आमच्या तोंडी तो ‘इंतखाल’. कानाने शिकलेली मुलगी कानानेच लिहीत होती. अलिफ, नून, ते, खे, अलिफ. कीबोर्डच्या पोटात ‘इंतखाल’ नावाचा शब्दच नाही. एवढ्या अक्षरांवरून त्याने वरच्या पट्टीत ‘इंतखाब’ आणून ठेवला असणार आणि तिचे बोट त्यावर पडले. रोमनमध्ये लिहू दिले असते तर तिने ‘इंतखाल’ लिहिले असते, चुकीचे, पण सोलापुरातल्या कुणालाही कळणारे. माझ्या नियमाने ती चूक निघून गेली होती आणि तिच्या जागी एक शुद्ध शब्द आला होता.

मी फोन लावला. तिच्या आईने उचलला, ती बोलू शकत नव्हती. मग ती आली. मला काही सुचेना. मी नुसते ‘बेटा’ म्हणाले. तिने विचारले, ‘मिस, मैं गलत लिखी क्या?’

त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधते आहे. तेव्हा मी म्हणाले, ‘नहीं बेटा, मैं गलत पढी.’

त्या संध्याकाळी इफ्तारनंतर मी अम्मीजवळ जाऊन बसले. तिला सगळे सांगितले. ती ऐकत राहिली. मग उठून तिने लोखंडी पेटीतून कुराणाच्या जुन्या जुजदानात ठेवलेली एक घडी काढली. माझी लाल शाई चांगलीच उठून दिसत होती. मी म्हणाले, ‘अम्मी, ये तुमे रखे क्या?’ ती म्हणाली, ‘तू लिखी वी है ना, फेकती कैसा?’ तिने ती चिठ्ठी माझे अक्षर म्हणून जपली होती. मी तिच्यातल्या चुका पाहिल्या होत्या आणि नाना, गुलाब, माझ्यासाठी मागितलेली दुआ यांतले काहीच पाहिले नव्हते. अडखळत कुराण वाचणाऱ्याला दुप्पट सवाब असतो, असे हदीसमध्ये आहे. मदरशात आम्हाला ते शिकवले होते. मी ते लिहिण्याला कधी लावून पाहिले नव्हते.

याचा अर्थ इमला नकोच, असा मी काढलेला नाही. तसे कुणी म्हणत असेल तर त्याने माझ्या टेबलाशी बसून दाखवावे. मुलींची नावे ऑनलाइन भरण्याचे काम आम्हा शिक्षकांवरच असते. एकदा मी एका मुलीच्या वडिलांच्या नावात इंग्रजी ‘जे’च्या जागी ‘झेड’ दाबला. जलीलचा, म्हणजे थोर माणसाचा, झाला जलील, अपमानित. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कुणाच्या लक्षातही आले नाही. इंग्रजीत आणि उर्दूत मात्र तो माणूस स्वतःच्या मुलीच्या कागदावर जन्मभर अपमानित राहिला असता. मी वेळीच पाहिले म्हणून निभावले. एका अक्षराच्या फरकासाठी आपली माणसे नोटरी, प्रतिज्ञापत्र, गॅझेट असे किती हेलपाटे घालतात, हे या वार्षिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

आणखी एक चूक अशी आहे, जी डोळ्यांना दिसतच नाही. फोनवर अरबी कीबोर्डने लिहिलेला ‘काफ’ आणि उर्दू कीबोर्डने लिहिलेला ‘काफ’ यांचे संगणकातले क्रमांक वेगवेगळे आहेत. ‘ये’चेही तसेच. दिसायला शब्द एकच, पण यादीत नाव शोधले तर सापडत नाही. मुलगी वर्गात बसलेली असते आणि यंत्र म्हणते, अशी कुणी नाही. हे ज्याला कळते तोच ते दुरुस्त करू शकतो. म्हणून ते शिकवायलाच हवे. मोडीचे काय झाले ते आपल्यासमोर आहे. छापखान्यात बाळबोध आली, मोडी मागे पडली आणि आज आजोबांचे खरेदीखत वाचायला नातवाला जाणकार शोधावा लागतो. उर्दू लिपीचे तसे होऊ नये, असे मला मनापासून वाटते. जे, जाल, ज्वाद, जोए मी आजही शिकवते आणि पहिल्यापेक्षा जास्त जीव ओतून शिकवते. प्रत्येक अक्षरामागे एक शब्द, शब्दामागे त्याचे कुटुंब, हे मुलींना सांगते. ‘नजर’पासून ‘नजारा’, ‘मंजर’, ‘इंतजार’पर्यंत जोए कसा साथ देतो ते फळ्यावर काढते. मुलींना ते आवडते. पाठ करायची गोष्ट ओळखीची होते.

बदलले ते एवढेच. ग्रुपवर मी कुणाची चूक काढत नाही. वही असेल तर वहीत आणि वहीतही आधी मुलीने काय लिहिले ते वाचते, मग कसे लिहिले ते. रोमनमध्ये कुणी लिहिले तर आधी उत्तर देते आणि तोच शब्द माझ्या उत्तरात उर्दू अक्षरांत बरोबर लिहून टाकते. जिला घ्यायचा ती घेते. लाल पेन टेबलाच्या खणात असतो. हिरव्याने तपासते. त्याने चूक कमी होत नाही, पण वही उघडताना मुलींचे चेहरे वेगळे असतात. ज्या मुली गप्प झाल्या होत्या त्यांपैकी तिघी शाळा उघडल्यावर परत आल्याच नाहीत. दोघींची लग्ने झाली होती. त्यांच्या गप्प होण्यात माझ्या त्या रात्रीच्या यादीचा वाटा किती होता, हे मला कोण सांगणार?

अम्मी अजूनही लिहीत नाही. मी तिच्या फोनवर उर्दू कीबोर्ड घालून दिला, मोठी अक्षरे करून दिली. ती आवाज रेकॉर्ड करून पाठवते. नातवंडांना ‘खिस्मत अच्छी है तुमारी’ म्हणते आणि ती तिची नक्कल करतात. मी एकदा म्हणाले, ‘अम्मी, एक बार लिखो ना.’ तर म्हणाली, ‘अब बोलती ना मैं. सुन ले.’ मी ऐकते.

ती मुलगी जून २०२३ मध्ये दहावी पास झाली. दाखला न्यायला आली. आमच्या कार्यालयात दाखल्यासाठी लेखी अर्ज लागतो. ती माझ्याच टेबलाशी उभी राहून लिहू लागली. वडिलांची सही का नाही, त्याचे कारण लिहायचे होते. त्या ओळीशी ती थांबली. मी समोरच्या रजिस्टरात डोके घातले. थोड्या वेळाने तिने कागद पुढे केला आणि विचारले, ‘मिस, काफ है ना?’

काफच होता. त्यावर दोन नुक्ते होते, सावकाश आणि ठळक दिलेले. मी ‘हो’ म्हणाले आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.